खेळीमेळीचा रविवार

'खेळीमेळी' हा आपल्या मराठीतला मोठा लाघवी शब्द आहे. खेळ आणि मेळ ही दोन भावंडे एकाच घरात नांदतात. त्यांतले एक घराबाहेर पडले की दुसऱ्यालाही तिथे करमेनासे होते, हे आपल्या पूर्वजांनी कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता ओळखले असावे. आपण नाटकाच्या प्रयोगालाही 'खेळ' म्हणतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी माणूस 'आज रात्री नाटकाचा खेळ आहे' असे म्हणत आला आहे. खेळ म्हणजे पुष्कळ माणसांनी एकत्र येऊन आनंदाने केलेली गोष्ट, हा अर्थ त्या शब्दात आरंभापासून आहे. हरणे-जिंकणे त्यात आहे, नाही असे नाही. परंतु ते मागाहून येते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी सुरू झालेली कॅरमची साखळी स्पर्धा. 'स्पर्धा' हा शब्द आम्ही इथे केवळ दुसरा सापडत नाही म्हणून वापरतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपला कॅथलिक समाज मूठभर आहे आणि तोही दूरदूर विखुरलेला. वसईतल्याप्रमाणे चर्चच्या घंटेच्या टप्प्यात वसलेली गावे आमच्या वाट्याला आलेली नाहीत. इथे कोणी अहिल्यानगरकडून नोकरीनिमित्त आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून. कोणी तमिळ, कोणी वसईचे. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेत, कोणी साखर कारखान्यात. मायबोली निरनिराळ्या, जेवणाच्या चवी निरनिराळ्या, नाताळची गाणीही निरनिराळी. पंचवीस-तीस किलोमीटरवरून दुचाकीवर लेकरांना पुढे-मागे बसवून माणसे रविवारच्या मिस्साला येत, आणि शेवटचा आशीर्वाद मिळताच पुन्हा दुचाकीवर बसून निघून जात. एकाच भाकरीत सहभागी होणारी ही माणसे एकमेकांची नावेसुद्धा जाणत नव्हती. प्रवचनातून 'आपण सारे एक शरीर आहोत' असे आम्ही दर महिन्याला सांगत होतो. ते शरीर मिस्सानंतर पाच मिनिटांत दहा दिशांना पांगत होते.

एका पावसाळ्यात, जोराच्या सरीमुळे कोणालाच निघता येईना तेव्हा, सभागृहाच्या माळ्यावर धूळ खात पडलेला एक कॅरम बोर्ड तरुणांनी खाली काढला. स्वयंपाकघरात चहा ठेवला गेला. पाऊस तासाभरात थांबला, परंतु बारा वाजेपर्यंत कोणी हलले नाही. पुढच्या रविवारी आणखी दोन बोर्ड आले, तिसऱ्या रविवारी चौथा आला आणि महिनाभरात बारा जोड्यांची साखळी उभी राहिली. पावसाच्या सुरुवातीपासून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापर्यंत, मिस्सानंतर दोन तास, प्रत्येक जोडीने प्रत्येक जोडीशी एकदा खेळायचे असे ठरले. 'साखळी' हा शब्द कोणी योजला ठाऊक नाही. परंतु विखुरलेल्या कड्या एकमेकींत अडकवण्यासाठी याहून योग्य शब्द सापडला नसता.

कॅरमविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. नऊ पांढऱ्या सोंगट्या, नऊ काळ्या, मधोमध एक लाल राणी, चार कोपऱ्यांत चार भोके आणि बोरिक पावडरने गुळगुळीत केलेली लाकडी पाटी, एवढाच याचा संसार. मैदान नको, गणवेश नको, वयाची अट नको. आजोबा आणि नात समोरासमोर बसून बरोबरीने खेळू शकतील असे खेळ फार थोडे. त्यांत हा एक. चाळीच्या गच्चीवर, तरुण मंडळाच्या खोलीत, रेल्वेच्या वसाहतीत, गणेशोत्सवाच्या मांडवामागे महाराष्ट्रभर याचा टकटकाट ऐकू येतो. यात विश्वविजेतेही होतात. १९९१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वस्पर्धेत चेन्नईचे मारिया इरुदयम विजयी झाले आणि पुढे १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावाचा तमिळमधला अर्थ 'मरियेचे हृदय' असा होतो, हे वाचून आमच्या वाचकांना कौतुक वाटेल. आपल्या पुण्याचे योगेश परदेशी हेही विश्वविजेते झाले.

दुहेरीच्या कॅरममधील बैठकीची व्यवस्था मात्र आम्हांस सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. आपला जोडीदार आपल्या समोर, म्हणजे बोर्डाच्या पलीकडे, बसतो. प्रतिस्पर्धी बसतात ते आपल्या उजव्या आणि डाव्या हाताला. म्हणजे ज्याच्याशी लढायचे तोच अगदी जवळ. त्याच्या कोपराला आपले कोपर लागते, त्याच्या ताटलीतली शेंगदाण्याची पुडी आपल्याच बाजूला सरकते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा देणाऱ्या प्रभूला ही बैठक नक्कीच पसंत पडली असती.

पहिले वर्ष आनंदात गेले. दुसऱ्या वर्षी एका हितचिंतकाने मोठ्या मनाने एक चषक भेट दिला. चांगला हातभर उंच, सोनेरी, दोन्ही बाजूंना कान असलेला. तो सभागृहातील कपाटावर ठेवण्यात आला आणि त्या दिवसापासून हवा पालटली. फळ्यावर गुणांचे तक्ते चढले. मिस्सा चालू असतानाच काहींची नजर घड्याळाकडे जाऊ लागली. नवशिक्यांना जोडीदार मिळेना, कारण कोणाला हरायचे नव्हते. 'अहो, लागू द्या की एखादा!' असे म्हणून प्रतिस्पर्ध्यालाच नेम दाखवणारे काका गप्प झाले. मुलांचे हसणे बंद झाले, कारण हसण्याने 'लक्ष विचलित होते' अशी तक्रार आली.

आणि एका रविवारी व्हायचे ते झाले. राणी भोकात गेली. कॅरमचा नियम असा की राणी घेतल्यावर लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते. सोंगटीही गेली. परंतु तिच्या पाठोपाठ गेलेला स्ट्रायकर भोकाच्या काठावर डोलू लागला. तो आत पडला असता तर फाउल आणि राणी परत बोर्डावर. तो पडता पडता राहिला की खेळणाऱ्याने घाईने उचलला, यावर वाद सुरू झाला. 'तुम्ही हात लावला.' 'आम्ही लावला नाही.' 'आम्ही काय आंधळे आहोत?' राणीचे मोल तीन गुण. त्या तीन गुणांपायी दोन चांगली, कष्टाळू, प्रार्थनाशील माणसे उभी राहिली, एकमेकांना नको ते बोलली आणि आपापल्या कुटुंबासह निघून गेली.

मोठ्या शहरात अशी गोष्ट आठवड्याभरात विरून जाते. साठ-पासष्ट घरांच्या धर्मग्रामात ती विरत नाही. एकाची पत्नी गायकवृंदाची मुख्य गायिका, दुसऱ्याचा मुलगा कीबोर्ड वाजवणारा, सराव थांबला. मिस्सात शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की दोन्ही कुटुंबे विरुद्ध दिशांना वळत आणि आपल्यामागच्या माणसाशी फारच वेळ हस्तांदोलन करीत राहत. नाताळचा गोठा त्या वर्षी कसाबसा उभा राहिला. सर्वांत वाईट म्हणजे दूरवरून येणारी कुटुंबे पुन्हा पहिल्यासारखी, आशीर्वाद मिळताच, दुचाकीला किक मारू लागली. वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. त्या अर्पणाच्या आड कधीकाळी एक लाल सोंगटी येईल, असे ते ऐकणाऱ्यांपैकी कोणाला वाटले नसेल.

काही ज्येष्ठांनी सुचवले की खेळच बंद करावा. चर्चच्या आवारात खेळ हवाच कशाला, तेवढ्या वेळात रोझरी होईल. रोझरीचे महत्त्व आम्ही काय सांगावे! परंतु ख्रिस्तसभेची परंपरा या बाबतीत आपल्या ज्येष्ठांहून पुष्कळ उदार आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील तपस्वी योहान कॅसियन याने प्रेषित योहानाची एक कथा नमूद करून ठेवली आहे. म्हातारा योहान एका पाळीव तित्तिराला कुरवाळत बसला होता. एका शिकाऱ्याने ते पाहिले आणि त्याला नवल वाटले, की एवढा थोर प्रेषित आणि पाखराशी खेळतो! योहानाने त्याला विचारले, तुझ्या हातात काय आहे? धनुष्य. मग ते सदैव ताणलेले का ठेवत नाहीस? शिकारी म्हणाला, सदैव ताणून ठेवले तर त्याची ताकद जाईल आणि ऐनवेळी बाण दूर जाणार नाही. प्रेषिताने सांगितले की माणसाच्या मनाचेही असेच आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महान ईशज्ञानग्रंथात ही कथा आधाराला घेतली आणि तिच्यावर नेमका विचार मांडला. शरीर थकले की त्याला झोप लागते. बुद्धी थकली की तिला विनोद आणि खेळ लागतो. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. खेळ अशिष्ट किंवा कोणाला अपाय करणारा नसावा. खेळाच्या भरात मनाचा तोल सर्वस्वी जाऊ नये. आणि खेळ व्यक्तीला, वेळेला आणि स्थळाला शोभणारा असावा. एवढे सांगून ते थांबले नाहीत. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या निर्मळ आनंदावर विरजण घालतो, त्याचे वागणेही दोषास्पद आहे, असे ते स्पष्ट म्हणतात. गंभीर मुद्रा म्हणजे पावित्र्य, या आपल्याकडील समजुतीला त्या सेंट थॉमसांकडून काडीचाही आधार मिळत नाही.

सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी रोमच्या तरुणांना हसत-खेळत देवाकडे नेले. एकोणिसाव्या शतकात तुरीनला संत जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरच्या पोरांना मैदान दिले, त्यांच्याबरोबर धावले आणि त्याच मैदानात त्यांच्या मनातली गुपिते ऐकली. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा वेळापत्रकात प्रार्थना आणि अभ्यास यांच्याप्रमाणे करमणुकीचीही घंटा होत असे आणि त्या वेळी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसण्यास मनाई असे. त्या वयात तो नियम विचित्र वाटे. आज धर्मग्राम चालवताना त्यामागील शहाणपण कळते: ज्याच्यासोबत आपण हसलेलो असतो त्याच्यापाशी आपली जखम उघडी करणे सोपे जाते.

पवित्र शास्त्रातही नीतिसूत्रांच्या पुस्तकात देवाची प्रज्ञा सृष्टीच्या आरंभी त्याच्यापुढे खेळत असल्याचे चित्र आहे. जखऱ्या संदेष्ट्याला पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे स्वप्न दिसते, तेव्हा त्याला रस्त्यांत म्हातारी माणसे काठी टेकून बसलेली आणि मुले-मुली खेळताना दिसतात. मुलांच्या खेळण्यावरून नगरीच्या क्षेमाची खूण त्याला पटते. ही खूण आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि माणसे घरे सोडून शाळांच्या वर्गांत राहायला आली, तेव्हा मदत घेऊन गेलेल्यांत आम्हीही होतो. एका वर्गात अंथरुणे, भांडी, ओले कपडे यांच्या गराड्यात कोणीतरी कॅरम मांडला होता. स्ट्रायकर हरवल्यामुळे एका बाटलीच्या झाकणाने खेळ चालला होता. घर पाण्याखाली गेलेला एक गृहस्थ नेम चुकला म्हणून डोक्याला हात लावून हसत होता. त्याचे दुःख नाहीसे झाले नव्हते. ते त्याला गिळू शकले नव्हते, एवढेच.

यावर कोणी म्हणेल की खेळ असा हसण्यावारी नेला तर त्यातून खाशाबा कसे घडतील? प्रश्न रास्त आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. त्यामागे तालमीतला घाम होता, उपेक्षा होती, परदेशी जाण्यासाठी जमवलेली वर्गणी होती. ती तपश्चर्या होती आणि तिला आमचा दंडवत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्यांमागून पिढ्या घडवल्या आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या महिला ग्रँडमास्टर त्या भूमीतून पुढे आल्या, तीही साधनाच. परंतु प्रत्येक गावकरी खाशाबा नसतो आणि प्रत्येक रविवार ऑलिम्पिक नसतो. जत्रेच्या फडात तांबड्या मातीत उतरणाऱ्या शंभर गड्यांपैकी नव्याण्णव हौसेने उतरतात. त्यांची हौस टिकली म्हणून तालमी टिकल्या, आणि तालमी टिकल्या म्हणून एखादा खाशाबा निपजला.

साताऱ्यात २०१२ पासून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनचे उदाहरण याच जातीचे आहे. पावसाळी धुक्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरायचा, एकूण एकवीस किलोमीटर. हजारो धावतात. त्यांत पहिले येण्याची शक्यता असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे डॉक्टर, शिक्षिका, दुकानदार, आजोबा कशासाठी धावतात? वाटेत पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या अनोळखी मुलाला हात करण्यासाठी, दमलेल्या सोबत्याला 'चला, आता उतारच आहे' असे सांगण्यासाठी. संत पौलाने शर्यतीचा दृष्टांत देताना धावपटूंचा मुकुट कोमेजून जाणारा असतो याची आठवण दिली आहे. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी शेजाऱ्याला पायात पाय घालून पाडावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच्या उलट बाजूला एक इशाराही आहे आणि तो अमेरिकेतून आलेला आहे. तिकडे टेनपिन बोलिंग नावाचा खेळ फार लोकप्रिय. साठ फूट लांबीच्या गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा खुंट्या पाडायच्या. या खेळाचे मूळ, परंपरेने सांगतात, जर्मनीतल्या मठांच्या आवारात आहे. भाविक माणूस खुंटी उभी करी, तिला पाप समजे आणि दगड घरंगळवून ती पाडी. आपल्या लगोरीचाच हा लांबचा चुलत भाऊ म्हणावा. अमेरिकेत कामगार, कारकून, चर्चचे सभासद असे सारे दर आठवड्याला संघ करून या खेळाच्या हौशी साखळ्यांत खेळत. रॉबर्ट पटनम या अभ्यासकाने १९९५ साली दाखवून दिले की १९८० ते १९९३ या काळात तिथे बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, परंतु साखळ्यांत खेळणे चाळीस टक्क्यांनी घटले. माणसे खेळत होती, पण एकेकटी. चेंडूची पाळी येईपर्यंत बाकावर बसून ज्या गप्पा होत, आजाऱ्याची विचारपूस होई, नोकरीची खबर कळे, ते सारे नाहीसे होत चालले होते. आज आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलमध्ये कॅरम आहे. त्यात स्ट्रायकर हरवत नाही, पावडर सांडत नाही, फाउलचा वाद होत नाही. तिथे कोपराला कोपरही लागत नाही.

म्हणूनच खेळ बंद करायचा नव्हता. त्यातली मेळी परत आणायची होती. ती आणली मिरजेत आयुष्यभर रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या आमच्या धर्मग्रामातील एका मावशींनी. जूनमधील सभेत त्या उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "फादर, रुग्ण घाबरून अंग ताठ करतो तेव्हा सुई जास्त दुखते. ह्या माणसांनी अंग ताठ केलंय. आधी ते सैल करा." मग त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. एक, जोड्या कायमच्या नकोत. दर रविवारी चिठ्ठ्या टाकून नव्या जोड्या कराव्यात. दोन, त्या दिवसाचे गुण त्याच दिवशी फळ्यावरून पुसावेत. तीन, जी जोडी जिंकेल तिने सर्वांचे चहाचे कप विसळावेत. शेवटच्या सूचनेवर सभागृहात खसखस पिकली, परंतु ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे हे शुभवर्तमान ऐकलेल्या मंडळींना त्यावर हरकत घेता येईना. चषकाचे काय करावे, असा प्रश्न निघाला. मावशी म्हणाल्या, "चिठ्ठ्या कशात टाकणार? तो आहे की!"

तेव्हापासून चषक चिठ्ठ्यांचे भांडे झाला. ऑगस्टच्या एका रविवारी त्यातून त्या दोघांची नावे एका जोडीत निघाली. सभागृहात शांतता पसरली. कोणी म्हणाले, चिठ्ठी पुन्हा काढा. मावशी म्हणाल्या, काढायची नाही. दोघे समोरासमोर बसले. दुहेरीत जोडीदारांनी एकमेकांना सूचना द्यायच्या नसतात, त्यामुळे न बोलण्याची सोय खेळातच होती. दोन बोर्ड तसेच मुक्याने झाले. तिसऱ्यात एकाने जोराचा फटका मारला. स्ट्रायकर चारी बाजूंना आपटून, एकाही सोंगटीला न शिवता, थेट भोकात जाऊन पडला. क्षणभर कोणी श्वास घेतला नाही. मग समोरून आवाज आला, "हा मात्र नक्की आत पडला हो, आम्ही पाहिला." आणि मारणाराच आधी हसू लागला. पाठोपाठ सारे सभागृह हसले. ती जोडी हरली. कप विसळायचे जिंकणाऱ्यांच्या नशिबी होते, तरी हे दोघेही मोरीपाशी जाऊन उभे राहिले.

त्यांची जिवलग मैत्री झाली असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना त्यांनी एकमेकांकडे पाहून मान लवविली, आणि कीबोर्ड परत आला. एवढे झाले. एवढे होण्यासाठी आम्हांला कित्येक प्रवचने पुरली नव्हती.

मन सैल ठेवून खेळण्यात खेळाचे नुकसान होते असेही नाही. कॅरम खेळणाऱ्याला विचारा. बोट ताठरले की फटका जोराचा बसतो आणि नेम फसतो. मनगट हलके, श्वास संथ आणि नजर सोंगटीवर असली की तीच सोंगटी अलगद कोपऱ्यात उतरते. मागचा चुकलेला फटका मनात घोळवत बसणाऱ्याचा पुढचा फटकाही चुकतो. समोरच्याच्या सुरेख फटक्याला 'वा!' म्हणणाऱ्याचे मन मोकळे होते आणि त्याची पाळी आली की हातही मोकळा चालतो. मोठ्या स्पर्धेतल्या खेळाडूलाही हेच शिकवतात. फरक इतकाच की त्याला ते पदकासाठी शिकावे लागते, आपल्याला ते सुखासाठी शिकता येते. नवशिक्याशी खेळताना आपला उत्तम खेळ खेळावा, पण त्याला खेळात ठेवावे. पंचाचा निर्णय पटला नाही तरी एकदाच सांगावे, दुसऱ्यांदा सोडून द्यावे. घरी परतताना 'कोण जिंकले?' याआधी 'कोण कोण आले होते?' असे विचारावे.

ख्रिस्तसभेने १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनमधून खेळाविषयी आपला पहिला अधिकृत दस्तऐवज प्रसिद्ध केला. माणसाने आपल्यातले उत्तम ते द्यावे, असा त्याचा गाभा आहे. उत्तम द्यावे, उत्तम ठरावेच असे नाही, हा भेद आम्ही त्यातून घेतला. संत जॉन पॉल दुसरे बालपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते आणि पुढे बर्फावरून घसरण्याचा खेळ त्यांनी पोप झाल्यावरही सोडला नाही. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे स्वतःला हौशी टेनिसपटू म्हणवतात. 'हौशी' या शब्दात कमीपणा नाही. हौस म्हणजे कोणी न सांगता, काही न मिळता, प्रेमाने केलेले काम. आणि ईश्वराने ही सृष्टी निर्माण केली तेव्हा त्यालाही ती निर्माण करण्याची काही गरज नव्हती, असेच आपला धर्म शिकवतो.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात कॅरम नसेल तर लगोरी असेल, पत्ते असतील, भेंड्या असतील, मागच्या अंगणात रबरी चेंडूचे क्रिकेट असेल. ते चालू द्या. धर्मगुरूला त्यात ओढा, आजीला त्यात बसवा, नव्याने आलेल्या कुटुंबाचे नाव पहिल्या चिठ्ठीवर लिहा. चषक मिळालाच तर त्याचा काही उपयोग शोधा. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच गाडीला किल्ली लावू नका. चहा तयार असेल, आणि कप विसळायला कोणीतरी जिंकलेले असेलच.